प्रवेशाचे टेबल

आपल्या शाळेत शिकलेल्या प्रत्येकाचे नाव ज्या जागी पहिल्यांदा कागदावर उतरले, ती जागा म्हणजे मुख्याध्यापकांच्या खोलीतील मोठे टेबल. पत्र्याच्या शेड जाऊन पक्क्या इमारती आल्या, वसतिगृहातील सतरंज्यांच्या जागी लोखंडी खाटा आल्या, मुख्याध्यापकही बदलत गेले. टेबल मात्र त्याच खिडकीशी राहिले. प्रवेशाचे रजिस्टर त्यावरच उघडले जाई. टेबलाच्या अलीकडे पालकांसाठी दोन खुर्च्या असत आणि कितीही घाई असली तरी आधी पालकांना बसवायचे, मग नाव विचारायचे, हा शाळेचा रिवाज होता. सातारच्या शाळेत ७ नोव्हेंबर १९०० रोजी ज्या मुलाचे नाव दाखल झाले, त्याला घरून आणलेल्या गोणपाटावर वेगळे बसावे लागले होते, ही गोष्ट आमच्या शिक्षकांनी आम्हाला अनेकदा सांगितली. त्यामुळे त्या दोन खुर्च्यांचा अर्थ आम्हाला लहान वयातच कळला होता. टेबलाचा अर्थ कळायला मात्र पुष्कळ वर्षे लागली.

शाळेच्या वर्धापनाची तयारी सुरू झाली तेव्हा कार्यालयाचे नूतनीकरण निघाले आणि टेबलाचा प्रश्न पुढे आला. त्याची अवस्था खरोखरच वाईट होती. पुढच्या कडेचे लाकूड ठिकठिकाणी उडाले होते. खिडकीच्या बाजूला पृष्ठभाग फोडासारखा फुगला होता व बोटाने दाबला की पोकळ आवाज येई. चहाच्या कपांची पांढरी वर्तुळे, दौतीखालचा काळा डाग आणि वाट पाहून कंटाळलेल्या कुणा मुलाने कर्कटकाने कोरलेली दोन अक्षरे, असा सगळा ऐवज त्यावर होता. समितीपुढे दोन सूचना होत्या. टेबल भंगारात काढावे किंवा वरून सनमायका चिकटवून नवे करावे. मी याच वसतिगृहात पाचवी ते दहावी राहिलो, पुढे आयटीआयमध्ये सुतारकाम शिकलो आणि गेली तीस वर्षे लाकडावरच पोट भरतो आहे. म्हणून मत देण्यासाठी मला बोलावणे आले.

या टेबलाविषयी आमच्या वेळेपासून एक दंतकथा प्रचलित होती. ते अखंड शिसवाचे आहे, विलायती बनावटीचे आहे आणि कुणा इंग्रज साहेबाच्या बंगल्यातून आले आहे. शाळेच्या सुरुवातीच्या काळात वर्गणी काढून मुंबईतील एका जुन्या कचेरीच्या लिलावात ते घेतले, एवढे ज्येष्ठांना ठाऊक होते. साहेबाचा बंगला त्याला नंतर चिकटला असावा. खणाच्या कुलपावर इंग्रजी अक्षरे आहेत, त्यांनी या कथेला बळ दिले. दुरुस्ती करायची तर आधी वस्तू काय आहे हे कळले पाहिजे. दंतकथेवर रंधा चालवता येत नाही.

लाकूड ओळखण्याची सुरुवात कडेपासून करावी. अखंड फळीच्या वरच्या अंगावर ज्या रेषा दिसतात, त्या टोकाशी जाऊन संपतात आणि तेथे आडव्या छेदाची बारीक छिद्रे दिसतात. आपल्या टेबलाच्या टोकाला तसे काही नव्हते. तेथे बाहेरून लावलेली अरुंद पट्टी होती आणि जेथे ती उखडली होती तेथे दोन थर स्पष्ट दिसत होते. वर काळसर जांभळा पातळ थर आणि खाली फिकट, हलके लाकूड. पृष्ठभागावरची नक्षीही बोलकी होती. मध्यरेषेच्या डावीकडे काळ्या शिरांची जी वळणे होती, तीच उजवीकडे आरशात पाहावे तशी उलटी दिसत होती. झाड असे दोनदा सारखे वाढत नाही. एकाच ओंडक्याचे लागोपाठचे दोन पापुद्रे पुस्तकाच्या पानांसारखे उघडून शेजारी बसवले, म्हणजे अशी जुळी नक्षी मिळते. आपले टेबल अखंड शिसवाचे नव्हते. त्यावर शिसवी विनिअर होते.

तो पापुद्रा शिसवीच होता, याची खात्री स्पिरिटने दिली. मागच्या बाजूला, नजरेआड असलेल्या जागी, स्पिरिटमध्ये बुडवलेला कापसाचा बोळा ठेवला. दोन गोष्टी घडल्या. जुने पॉलिश चिकट होऊन विरघळू लागले, म्हणजे ते लाखेचे होते. आजकालचे मेलामाइन किंवा पॉलियुरेथेन साध्या स्पिरिटला दाद देत नाही. आणि बोळ्याला जांभळट रंग आला. शिसवाचा रंग स्पिरिटमध्ये उतरतो, सागाचा असा उतरत नाही. पाय व चौकट मात्र सागाची निघाली. आतल्या बाजूने रंध्याचा एक हात फिरवताच सोनेरी रंग, हाताला लागणारा तेलकटपणा आणि कातड्यासारखा तो ओळखीचा वास आला. बाहेरून शिसवाशी जुळावे म्हणून तिला गडद रंग दिलेला होता. पापुद्र्याखालच्या जोडफळ्या हलक्या लाकडाच्या, बहुधा आंब्याच्या होत्या.

खण बाहेर काढले तेव्हा विलायतेचाही निकाल लागला. प्रत्येक खणाच्या मागच्या फळीवर आणि त्याच्या घरावर पेन्सिलीने सारखे आकडे घातलेले होते. कोणता खण कोणत्या जागी बसतो हे चुकू नये म्हणून कारागीर अशा खुणा करतात. ते आकडे गुजराती होते. कुलूप इंग्रजी, पण टेबल इकडच्याच, बहुधा मुंबईतल्या एखाद्या कारखान्यातील मिस्त्रीच्या हातचे. शिसव तर आपल्याच पश्चिम घाटात वाढतो. जे साहेबाचे म्हणून आम्ही दबून पाहत आलो, ते इथल्याच मातीतले आणि इथल्याच हातांचे होते.

कामात मदतीला नववीची चार मुले-मुली होती. थर उघडा पडलेला पाहून त्यांच्यातील एका मुलीने विचारले, "काका, म्हणजे हे टेबल खोटं आहे का? वरून एक आणि आतून दुसरंच?" प्रश्न रास्त होता आणि त्याला थापेबाज उत्तर देणे शक्य नव्हते. मी तिला सांगितले की लाकूड मेल्यावरही हलत राहते. पावसाळ्यात ते रुंदीत फुगते, उन्हाळ्यात आक्रसते. एवढ्या रुंद पृष्ठभागाला अखंड शिसवी फळ्या वापरल्या असत्या तर त्या वाकण्याचा धोका होता, वजन बेसुमार वाढले असते आणि एका टेबलासाठी मोठा ओंडका संपला असता. त्याच ओंडक्याचे पापुद्रे काढले तर कितीतरी टेबले होतात. ही युक्ती फार जुनी आहे. प्राचीन इजिप्तच्या कारागिरांनाही ती अवगत होती. पापुद्रा लावणे ही लबाडी नाही. पापुद्रा लावून अखंड म्हणून विकणे ही लबाडी आहे. ती माणसाच्या जिभेवर असते, लाकडात नसते.

तिला अंगुत्तर निकायातील पचेतन राजाची कथाही सांगितली. राजाने रथकाराला चाकांची जोडी करायला सांगितले. पहिल्या चाकाला रथकाराने सहा महिन्यांना सहा दिवस कमी इतका काळ घेतला आणि दुसरे उरलेल्या सहा दिवसांत केले. राजाला दोन्ही सारखीच दिसली. रथकाराने ती सोडून दाखवली तेव्हा घाईचे चाक वेग संपताच गरगरून पडले आणि दुसरे आस लावल्यासारखे उभे राहिले. फरक होता तो आऱ्यांत, धावेत आणि तुंब्यात राहिलेल्या वाकडेपणाचा. मागील जन्मी तो रथकार आपणच होतो, आणि जसा मी तेव्हा लाकडाच्या वाकडेपणात कुशल होतो तसा आता काया, वाचा व मनाच्या वाकडेपणात कुशल आहे, असा या कथेचा तथागतांनी सांगितलेला आशय आहे. आमच्या टेबलाचा मिस्त्री पहिल्या चाकाच्या जातीचा होता. जेथे कुणी पाहणार नाही त्या खणाच्या मागच्या कोपऱ्यातही त्याने कबुतराच्या शेपटीसारखे सांधे हाताने कापून बसवले होते आणि ते अजून घट्ट होते.

आता प्रत्यक्ष कामाकडे येतो, कारण अनेकांच्या घरी असे एखादे जुने कपाट वा टेबल असेल. पहिला नियम असा की विनिअरवर पॉलिश पेपरचे यंत्र कधीही चालवू नये. आपल्या टेबलाचा पापुद्रा जेमतेम एक मिलिमीटर जाडीचा होता. आज बाजारात मिळणारा त्याच्या निम्माच असतो. यंत्राने काही क्षणांत खालचे लाकूड उघडे पडते आणि गेलेला पापुद्रा परत येत नाही. जुने पॉलिश स्पिरिटने भिजवून, मऊ चिंध्यांनी थोडे थोडे पुसून काढावे. आम्हाला या एका कामाला चार दिवस लागले.

फुगलेल्या भागाचे कारण खालच्या डिंकात असते. उडालेल्या कपच्यांच्या मागे तपकिरी, काचेसारखा ठिसूळ थर होता. त्याचा तुकडा गरम पाण्यात टाकताच तो मऊ झाला आणि कातड्याचा उग्र वास आला. तो सरस होता. जनावरांची कातडी आणि हाडे उकळून सरस करतात. कोरडेपणाने तो तडकतो, पण उष्णता व ओल मिळाली की पुन्हा चिकटतो. आधुनिक डिंकात हा गुण सहसा नसतो. फुगलेल्या जागी रेषांच्या दिशेने धारदार पात्याने बारीक चीर दिली, चिरेतून ताजा पातळ सरस आत सरकवला, वर ओलसर कापड ठेवून कोमट इस्त्री फिरवली आणि मग कागद व सपाट फळी घालून रात्रभर वजन ठेवले. दुसऱ्या दिवशी बोटाने वाजवले तर भरीव आवाज आला. मुलांनी तो आवाज पुन्हा पुन्हा वाजवून ऐकला.

कपच्या उडालेल्या जागी ठिगळ लावावे लागले. ठिगळ कधी चौकोनी कापू नये. रेषांना छेदणारी सरळ आडवी कड डोळ्याला लगेच खुपते. होडीच्या आकाराचे, दोन्ही टोकांना निमुळते ठिगळ रेषांमध्ये विरून जाते. त्यासाठी माझ्याकडे एका मोडक्या शिसवी कपाटाच्या दाराचा जुना पापुद्रा होता. पांढरी वर्तुळे लाखेत अडकलेल्या ओलाव्याची असतात, ती पॉलिशबरोबरच गेली. दौतीखालचा काळा डाग लोखंड आणि लाकडातील आम्ल यांच्या संयोगाचा होता आणि तो खोल गेलेला होता. ऑक्झॅलिक आम्लाच्या सौम्य द्रावणाने तो बराच फिका झाला. हे आम्ल विषारी आहे. ते हातमोजे घालून मीच लावले, मुलांना दूर ठेवले आणि नंतर ती जागा ओल्या फडक्याने नीट पुसून लगेच कोरडी केली.

पॉलिशचे काम दिवाळीनंतर घेतले, कारण दमट हवेत लाखेवर पांढुरकी झाक येते. चपडी रात्रभर स्पिरिटमध्ये भिजवली, मलमलीतून गाळली आणि जुन्या धोतराच्या कापडात कापूस बांधून केलेल्या पुरचुंडीने हात दिले. एक हात अगदी पातळ, कोरडा झाला की दुसरा, असे अनेक. पुरचुंडी कुठेही थांबू द्यायची नाही, थांबली की ती चिकटून खालचा थर उचलते. खिडक्या उघड्या ठेवल्या आणि आसपास आग पेटू दिली नाही, कारण स्पिरिट क्षणात भडकते. या पद्धतीला फ्रेंच पॉलिश म्हणतात. लाख मात्र आपल्याच देशातील पळस, कुसुम आणि बोरीच्या फांद्यांवर राहणाऱ्या कीटकांची आहे, आणि ती गोळा करण्यात आदिवासी हात मोठ्या संख्येने आहेत.

हे काम करताना एक विचार मनातून जाईना. शिसव तोडणारे, लाख खरवडणारे, सरसासाठी कातडी आणि हाडे पुरवणारे, हे सगळे या एका टेबलात थरांसारखे एकावर एक बसले आहेत. मेलेली जनावरे ओढण्याचे काम कुणाच्या वाट्याला टाकले होते, हे आपल्या समाजाला सांगण्याची गरज नाही. ज्या कचेरीत हे टेबल होते, तेथे आपल्या आज्याला कदाचित दारातच थांबवले असते. पण टेबलाचा पृष्ठभाग एकसंध धरून ठेवणारा सरस अशाच हातांच्या श्रमातून आलेला होता. गावगाड्यात सुताराचा वाकस सुताराच्याच घरात राही आणि आपल्याला तो धरण्याची मुभा नसे. आज त्याच थरांची दुरुस्ती आपल्या मुलांच्या हातून होत होती. त्यांना त्याचे विशेष वाटत नव्हते, आणि मला तेच फार मोलाचे वाटले.

खरा प्रश्न काम अर्ध्यावर आल्यावर उभा राहिला. वरचा भाग सोडवून उलटा केला तेव्हा पालकांच्या खुर्च्यांच्या बाजूला, कडेच्या खालच्या अंगाला, हातभर लांबीत जांभळ्या-निळ्या डागांचा दाट पट्टा दिसला. खालचे लाकूड फिकट व बिनपॉलिशचे असल्यामुळे ते डाग ठळक होते. काही क्षण कुणालाच उलगडा होईना. मग मुख्याध्यापक सरांनी हळूच आपला अंगठा तेथे टेकवला आणि सगळ्यांना कळले. प्रवेशाच्या वेळी शाईच्या पॅडवर अंगठा ठेवून तो रजिस्टरात उमटवायचा. बोटाला उरलेली शाई पुसायला काही नसे. नव्या लुगड्याला कशी पुसणार? मग कुणाच्या लक्षात येऊ नये अशा बेताने ती टेबलाच्या कडेखाली पुसली जाई. शाळेच्या कितीतरी वर्षांचे अंगठे तेथे एकमेकांवर चढले होते.

समितीतील एका ज्येष्ठ सदस्यांचे मत स्पष्ट होते. ते म्हणाले, "हे घासून टाका. आपल्या माणसांची निरक्षरता आपण कशाला मिरवायची? ज्या लाजेने त्यांनी बोट लपवून पुसलं, ती लाज आपण उघडी करणार का?" त्यांचे म्हणणे हलके नव्हते. त्यांच्या आईवडिलांनीही अंगठेच दिले होते. जे लपवले गेले, ते दाखवण्याचा अधिकार आपल्याला कुणी दिला, हा प्रश्न मलाही निरुत्तर करणारा होता.

उत्तर वसतिगृहाच्या स्वयंपाकघरातून आले. आमच्या पिढीला भाकरी वाढलेल्या आजी तो डाग पाहायला आल्या. त्यांनी वाकून बराच वेळ पाहिले आणि म्हणाल्या, "माझ्या लेकराचं नाव घातलं तवा मीबी हितंच बोट पुसलं आसंल. आता सही करती मी. पर पुसू नको, बाळा. लाज वाटली, तरी आले व्हते ना मी." ज्येष्ठ सदस्य काही बोलले नाहीत. थोड्या वेळाने त्यांनीच सुचवले की डाग राहू द्यावेत, पण त्यांचे प्रदर्शन मांडू नये. ते जिथे होते तिथेच, कडेच्या खाली, नजरेआड असावेत. ज्याला ठाऊक आहे तो हात लावून पाहील. सर्वांना हे पटले.

त्या पट्ट्याला मी पॉलिशही लावले नाही. स्पिरिटने ती शाई फुटली असती. त्याच्या भोवतीच्या सैल कपच्या तेवढ्या चिकटवल्या. वरची कर्कटकाची दोन अक्षरेही ठेवली. त्यांचा मालक हे वाचत असेल तर त्याने कार्यालयात येऊन आपली ओळख द्यावी, शिक्षा होणार नाही.

टेबल आता पुन्हा त्याच खिडकीशी आहे. ते नवे दिसत नाही आणि तसे दिसावे अशी अपेक्षाही नव्हती. नीट निरखले तर ठिगळे ओळखू येतात. लाखेचे पॉलिश गरम कप, पाणी आणि स्पिरिट सहन करत नाही, म्हणून कपाखाली जाड कापड ठेवावे, पाणी सांडल्यास लगेच कोरड्या फडक्याने टिपावे आणि खिडकीचे थेट ऊन अडवण्यासाठी पडदा ओढलेला असावा. काही वर्षांनी चमक उतरली तर घासू नये. स्वच्छ पुसून चपडीचे दोन पातळ हात द्यावेत. कामात असलेल्या त्या चौघांना हे करता येते आणि पुढच्या नववीला शिकवण्याचे त्यांनी कबूल केले आहे.

खणाच्या आत एक कार्ड चिकटवले आहे. त्यावर लिहिले आहे: शिसवी विनिअर, सागाची चौकट, आतून हलके लाकूड, सरस, लाख, भारतीय कारागिराने बनवले, वर्गणीतून आणले, विद्यार्थ्यांनी दुरुस्त केले. मजकूर त्या प्रश्न विचारणाऱ्या मुलीने सुवाच्य अक्षरात लिहिला. "आता खोटं राहिलं नाही ना, काका?" असे तिने विचारले, आणि कार्ड पुन्हा एकदा वाचून पाहिले.

माजी विद्यार्थ्यांना एक विनंती आहे. आपल्या प्रवेशाच्या दिवसाचे, आईवडिलांसह या टेबलापाशी काढलेले एखादे छायाचित्र कुणाकडे असल्यास त्याची प्रत कार्यालयाकडे पाठवावी. आणि शाळेत याल तेव्हा पालकांच्या खुर्चीत क्षणभर बसून टेबलाच्या कडेखाली हात फिरवावा. तेथे आपल्या घरचे कुणी असण्याची शक्यता आहे.

जय भीम. नमो बुद्धाय.